महामायाबाईंचा फौजदार

जळगाव जामोदच्या तहसील कचेरीसमोर पत्र्याची एक टपरी आहे. तिच्यात प्रसेनजित वानखडे सव्वीस वर्षं लोकांचे अर्ज लिहीत बसले आहेत. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आला, पण त्यांची एक खोड काही गेली नाही. कागद छापून झाला की ते अर्जदाराला समोर बसवतात आणि अख्खा कागद मोठ्यानं वाचून दाखवतात. प्रत्येक नावापाशी थांबतात. समोरचा ‘हाव’ म्हणाला तरच पुढचं नाव. शिकलेली पोरं यावर वैतागतात, आम्हाला वाचता येतं म्हणतात. वानखडे त्यांचं सगळं ऐकून घेतात आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागतात.

गेल्या वर्षी त्यांचा पाय मोडला आणि दीड महिना प्लास्टरमध्ये गेला. तेव्हा अकोल्याला नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलीनं, अर्पितानं, टीव्हीवर एक मालिका लावून दिली होती. बंदराच्या कुठल्याशा शहरातला एक लाचखाऊ, निर्ढावलेला फौजदार आणि त्याचे काळे धंदे. वानखडे त्यात इतके रंगले की पाय दुखायचं विसरला. यंदा त्याच मालिकेची आधीची गोष्ट आली. हा फौजदार नोकरीत नवा होता, सरळ होता, तेव्हापासून तो कसा घसरत गेला ते त्यात दाखवत होते. ही मात्र महामायाबाई नवऱ्याशेजारी बसून पाहू लागल्या. रविवारी दुपारची जेवणं उरकली की दोन भाग, असा नेमच ठरला.

बाईंचा त्या पोरसवदा फौजदारावर भारी जीव जडला. त्यानं जरा वाकडं पाऊल टाकलं की त्या त्याची बाजू घ्यायच्या. वरचे साहेब तसे, तर हा करणार काय, म्हणायच्या. वानखडेंना या माणसाचा शेवट ठाऊक होता. पण बायकोच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखं होईल म्हणून ते गप्प बसत. ही गंमत मनात ठेवण्यात त्यांना थोडं सुखही होतं, खोटं कशाला बोला.

अशातच एका शुक्रवारी रंगराव टपरीवर आला. वानखडेंचा शाळेपासूनचा सोबती. त्याचे वडील भगवंतराव उन्हाळ्यात वारले होते आणि शेतावर वारसांची नावं चढवायची होती. त्यासाठी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. रंगरावानं हळूच सांगितलं, बहिणीचं नाव घालू नको. अन्नपूर्णा वडनेर भोलजीला दिलेली, साठी उलटलेली, गुडघ्यांनी अधू. नाव आलं की सह्या आल्या, सह्या आल्या की चकरा आल्या. तसंही ती काही मागत नाही.

वानखडेंनी कचेरीच्या पायऱ्यांवर ताटकळणाऱ्या म्हाताऱ्या कमी पाहिल्या नव्हत्या. त्यांना ते पटलं. पटवून घेतलं म्हणा हवं तर. ‘रंगराव हे एकमेव अपत्य’ असं त्यांनी लिहिलं, छापलं, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वाचून न दाखवता सहीसाठी पुढे सरकवलं. शपथ देणारे साहेब रजेवर होते, म्हणून कागद सोमवारपर्यंत टपरीच्या खणात राहिला.

संध्याकाळी जेवताना त्यांनी हे बायकोला सहज म्हणून सांगितलं. खरंच सहज असतं तर दोनदा सांगितलं नसतं. महामायाबाईंनी एवढंच विचारलं, कागद वाचून दाखवला का? घाई होती, ते म्हणाले. बाईंनी ताटात अर्धी भाकरी वाढली आणि विषय तिथंच राहिला.

रविवारच्या भागात फौजदारानं पहिल्यांदा पंचनाम्यातली वेळ बदलली. तीही चांगल्यासाठी, गुन्हेगार सुटू नये म्हणून. वानखडेंना पडद्याकडे पाहवेना. शेजारी महामायाबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “अजून कागद त्याच्याच हातात हाय. वळंल तो.”

वानखडेंना बायकोच्या भाबडेपणाची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. त्या माणसाचा शेवट ठरून गेला होता. आपला कागद मात्र अजून खणात पडला आहे, हे त्यांच्या मनातून दिवसभर हलेना.

सोमवारी रंगराव इस्त्रीचा सदरा घालून शपथेला आला. वानखडेंनी त्याला बाकावर बसवलं, वाचायचं राहिलंय म्हणाले. सही तर झाली, आता काय वाचतोस, असं रंगराव कुरकुरला. वानखडेंनी चष्मा लावला. मयत भगवंतराव. हाव. त्यांची पत्नी सरस्वतीबाई, मयत. हाव. यांना रंगराव हे एकमेव अपत्य.

रंगरावाचा ‘हाव’ आला नाही. वानखडेंनी बोट त्याच ओळीवर ठेवलं. मागं उभा असलेला माणूस घसा खाकरून दमला.

“वानखडेभाऊ,” रंगराव खाली पाहत म्हणाला, “माय शेतात गेली का बहीणच मले कडेवर घेऊन फिरे. एकमेव कसा म्हनू?”

वानखडेंनी तो कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला आणि नवा लिहायला घेतला. एवढं हलकं त्यांना प्लास्टर कापलं त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

बुधवारी अन्नपूर्णाबाई एसटीनं आल्या. पायऱ्या चढायला रंगरावानं हात दिला. वानखडेंनी वंशावळ पहिल्यापासून वाचली. बापाच्या नावाखाली आपलं नाव ऐकताच बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि असा खणखणीत ‘हाव’ दिला, की शेजारच्या चहावाल्यानं वळून पाहिलं. हिस्सा पुढं घ्यायचा की भावाला सोडायचा, ते आता त्यांचं त्या ठरवणार होत्या.

पुढच्या रविवारी टीव्ही लावताना वानखडेंना राहवलं नाही. त्यांनी बायकोला सांगून टाकलं, की हा फौजदार काही सुधारत नाही, वाईटच निघतो.

“मले माहीत हाय,” महामायाबाई म्हणाल्या. “तुमचा पाय मोडला तवा सैपाकघरात सारं ऐकू येत होतं.”

“मंग वळंल काऊन म्हणत होती?”

“मी काय त्याले म्हणत होती?”

 वानखडे ‘हाव’ म्हणाले आणि त्यांनी पुढचा भाग लावला.