राइट बॅकच्या रकान्यातलं शून्य

मुलगी नोकरीसाठी आयर्लंडला असते. मला याद्यांची आवड आहे हे तिला ठाऊक आहे. म्हणून मागच्या महिन्यात तिनं तिथल्या फुटबॉल लीगमधल्या सगळ्यात कडक टॅकल करणाऱ्या खेळाडूंची यादी पाठवली, सोबत व्हिडिओ. चिखलातून घसरत येऊन चेंडूसकट माणूस उचलणारी ती मंडळी मी दोनदा पाहिली. तिसऱ्यांदा आमच्या राइट बॅकला दाखवली.

अकोल्यातल्या एका फुटबॉल क्लबचा मी सेक्रेटरी आहे. लिंबं, पट्ट्या, जर्सी, ओळखपत्रं, सगळं माझ्या रजिस्टरप्रमाणे चालतं. आमचा राइट बॅक, म्हणजे मागे राहून उजवी बाजू राखणारा, एकेचाळीस वर्षांचा आहे, पोटापाण्यासाठी ट्रॅक्टर दुरुस्त करतो. त्यानं हात पुसत व्हिडिओ पाहिला.

"चांगले खेयतेत," तो म्हणाला. "पण तिकडं गवत हाय. म्हना, या अकोल्याले अन् काया मातीत घसरून दाखवा."

त्याच्या उजव्या मांडीवर तळहाताएवढा गुळगुळीत डाग आहे, वर्षानुवर्षं भेगाळलेल्या जमिनीवर घसरून झालेला. किटमध्ये त्याची एक डबी असते, चुना-हळदीची. सामना संपला की ज्याला पाडलं त्याच्याकडे जाऊन स्वतःच्या हातानं लेप लावतो. दुसऱ्या कुणाला लावू देत नाही. "मी पाडलं, त मीच लावीन."

अमरावतीच्या संघाशी हंगामातला शेवटचा सामना होता. डॉक्टरांनी त्याला सांगून ठेवलं होतं, गुडघा एवढाच हंगाम काढेल. म्हणजे त्याच्यासाठीही बहुधा तो शेवटचाच.

आमचा कोच नवा, आकड्यांवर विश्वास ठेवणारा. त्यानं माझ्याकडून मागच्या चार सामन्यांची टॅकलची नोंद मागितली. राइट बॅकच्या रकान्यात नऊ, चार, दोन आणि शून्य. कोचनं त्याचं नाव खोडलं. मला आकडे बरोबर वाटत होते, मी रजिस्टर मिटलं.

त्याला कळवायला मीच गेलो. तो ट्रॅक्टरखाली आडवा पडून काम करत होता. बाहेरही आला नाही.

"शून्य काहून झालं, ते पायलं काय तुमी?"

"रजिस्टरमध्ये तसंच आहे."

"मंग रजिस्टरले इचारा."

मी चिडूनच घरी आलो आणि रजिस्टर उघडलं. समोरचा संघ कोणत्या बाजूनं चढून आला याचाही एक रकाना मी भरतो. का भरतो, हे कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तो रकाना त्या रात्रीपर्यंत मी कधी वाचला नव्हता. पहिल्या सामन्यात दोन्ही बाजूंनी हल्ले. मग त्याच्या बाजूनं कमी कमी होत गेले. चौथ्या सामन्यात सगळे दुसऱ्या बाजूनं. त्याच्या बाजूला कोणी फिरकलंच नव्हतं. त्याच्या टॅकलची बातमी मैदानामैदानातून पोचली होती. अन् त्या धाकाचं शून्य मी त्याची सुस्ती समजून बसलो होतो.

सकाळी कोचच्या दारात उभा राहिलो. त्यानं दोन्ही रकाने शेजारी ठेवून पाहिले, डोकं खाजवलं. "लिहा नाव. पण गुडघ्यानं दगा दिला तर तुम्ही जबाबदार."

अमरावतीचा विंगर, कडेनं चढाई करणारा, बावीस-तेवीसचा, वाऱ्यासारखा. बहुधा त्याच्यापर्यंत बातमी पोचली नव्हती. सातव्या मिनिटाला तो सरळ आमच्या राइट बॅकच्या अंगावर गेला.

मी आधी आवाज ऐकला, वाळकी फांदी मोडल्यासारखा. मग धूळ. धुळीतून चेंडू एकटाच रेषेबाहेर घरंगळत आला. विंगर हवेतून खाली येत होता आणि आमचा माणूस पाय लांब करून आडवा. रेफ्री धावत आला, चेंडूकडे पाहिलं, आणि शिट्टी न वाजवता परत गेला. माझ्या हातातलं पेन थांबलं होतं.

"लागलं काय रे भाऊ?" आमच्या राइट बॅकनं विचारलं.

"नाई."

"मंग ऊठ. लय येळ बाकी हाय आपल्याले."

दहा मिनिटांत विंगर पलीकडच्या बाजूला गेला, तो परत आलाच नाही. सामना गोलशून्य सुटला. टॅकलच्या रकान्यात एक. दुसरा रकाना मी यावेळी तिथेच वाचला.

सामन्यानंतर तो डबी घेऊन लंगडत अमरावतीच्या खेळाडूंकडे गेला. मीही मागे गेलो. विंगरचा घोटा मांडीवर घेऊन तो लेप लावत होता.

"काका," विंगर म्हणाला, "पुढच्या वर्षी खेळता काय तुमी?"

त्यानं मान वर केली नाही. स्वतःच्या सुजलेल्या गुडघ्यावरही दोन बोटं चुना-हळद फिरवली.

"तू कोन्या बाजूनं येशीन, ते सांग आधी."

सगळे हसले. विंगर मात्र खरंच विचारात पडला.