वडिलांचं तुळतुळीत डोकं

तुरटीचा वास आला, की मला पैठणहून परतणारी ती एसटी आठवते. गोदावरीवर आजीचा दहावा उरकून आम्ही औरंगाबादला निघालो होतो. वडिलांचं डोकं नदीवरच भादरलं होतं आणि न्हाव्यानं वरून तुरटी फिरवली होती. त्यांची दारू सुटून वर्ष झालं होतं, पण तिनं मेंदू आधीच पोखरला होता. डॉक्टर म्हणाले होते, जुनं आठवेल, नवं टिकणार नाही. ढोरकीनजवळ वडिलांनी डोक्यावरून हात फिरवला आणि दचकून विचारलं, "कोण गेलं गं?" आई म्हणाली, "अहो, आपल्या आई गेल्या." ते असे हंबरडा फोडून रडले, की सगळी गाडी वळून बघायला लागली. बिडकीनला हात पुन्हा डोक्यावर गेला, प्रश्न तोच, आणि रडणंही तितकंच ताजं. चितेगावला त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा आईनं त्यांचा हात डोक्यावरून खाली घेतला. मग म्हणाली, "कुणी नाय. उवा झाल्या होत्या, म्हणून काढले केस." वडील पोट धरून हसले. "म्हातारीला सांगू नको," ते म्हणाले, "लई हसंल." त्यानंतर वडील होते तोवर आमच्या घरात आजी पुन्हा कधी वारली नाही.