लिहू नका म्हटलेलं

"बाई, एवढं लिहू नका," पाळकसाहेब म्हणाले.

टिपणबाईची पेन्सिल थांबली. शनिवारची दुपार, चर्चच्या मागची कमिटीची खोली, वर घरघरणारा पंखा. पाच मिनिटांपूर्वी समोरच्या खुर्चीत एक बाई बसून गेली होती. ती बेकरीत कामाला होती. सुट्टी न मिळाल्याने कामावरून तशीच आली होती, कोपरापर्यंत पिठाचे हात. तिची चौदा वर्षांची मुलगी क्वायरमध्ये गात असे. सराव संपला की क्वायरमास्तर तिला एकटीला मागे ठेवून घ्यायचा, दार लोटायचा. पुढचं सांगताना आईने एकही शब्द गाळला नाही की आवाज चढवला नाही. सांगून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "आता तुम्ही सांगा." आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

ती बाहेर गेल्यावर दार लागलं. मग सगळे एकदमच बोलायला लागले.

क्वायरमास्तर म्हणजे चर्चच्या मंडळीतला लाडका माणूस. कोणाचं लग्न असो वा अंत्यविधी, पेटीवर तोच. कमिटीतले सर्वांत ज्येष्ठ, बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजरकाका, त्याच्या मुलाचे बाप्तिस्म्यातले धर्मपिता. "चूक झाली असेल त्याच्या हातून," काका म्हणाले. "पण घरचं घरात राहावं. पुढच्या रविवारी उपासनेनंतर दोघांना समोरासमोर बसवू. तो माफी मागेल, मुलगी क्षमा करील, साहेब प्रार्थना करतील. विषय संपला."

"आणि नाही केली तिने क्षमा तर?" टिपणबाईने विचारलं.

सगळे तिच्याकडे वळून पाहायला लागले. कमिटीत बसायला लागल्यापासून तिने प्रश्न विचारल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"क्षमा तर करावीच लागते ना, बाई," काका समजुतीच्या सुरात म्हणाले.

टिपणबाई एकतीस वर्षं न्यायालयात शॉर्टहँड घेत होती. दोन वकील एकमेकांवर तुटून पडले तरी दोघांचंही बोलणं तिच्या वहीत वेगवेगळं उतरायचं. निवृत्त झाल्यावर मंडळीने तिला कमिटीच्या बैठका टिपायला कायमचंच बसवलं. त्याआधीही सुट्टीच्या दिवशी ती हे काम करतच होती. दुसऱ्याचं बोलणं लिहून लिहून स्वतःचं बोलणं कमी झालं होतं. नवरा बस डेपोतला जुना मेकॅनिक, तोंडाने फटकळ. तो म्हणायचा, "आमच्याकडे भांडण होत नाही. मी बोलतो, ही नोंद घेते."

त्या संध्याकाळी ती घरी आली ती पर्सही न ठेवता कपाटापाशी गेली. खालच्या खणात तिच्या वह्या होत्या, वर्षं लिहून रबरबँडने बांधलेल्या. चार वह्या चाळल्यावर तिला हवं ते पान सापडलं. अकरा वर्षांपूर्वीचं.

तोच क्वायरमास्तर. वेगळी मुलगी, सतरा वर्षांची. त्या वेळी ती मुलगी स्वतः कमिटीसमोर आली होती, एकटी. तिचा शब्द न् शब्द शॉर्टहँडमध्ये उतरला होता. खाली मॅनेजरकाकांचं वाक्य होतं: "एवढं सगळं नको, थोडक्यात लिहा." आणि रजिस्टरमध्ये टिपणबाईने स्वतःच्या सुवाच्य अक्षरात थोडक्यात लिहिलं होतं: एका कुटुंबाचा गैरसमज प्रेमाने दूर करण्यात आला.

ती खुर्चीत बसून राहिली. नवरा चहा घेऊन आला, तिचा चेहरा पाहून त्याने कप टेबलावर ठेवला.

"काय झालं?"

तिने वाचून दाखवलं. त्याने पान स्वतःकडे वळवून पाहिलं, त्या रेघा त्याला वाचता येत नव्हत्या. मग म्हणाला, "तुला तेव्हा माहीत होतं?"

"माहीत कसलं, मी लिहिलंय हे." तिने वही मिटली. "माझ्या हाताने लिहिलं आणि माझ्याच हाताने पुसलं. त्या मुलीनंतर किती झाल्या असतील हो?"

त्याने चहाचा कप तिच्याकडे सरकवला.

सोमवारी सकाळी मॅनेजरकाका घरी आले. हातात फळांची पिशवी. नवऱ्याने दार उघडलं आणि पिशवी घेतली नाही. काका बसले, तब्येतपाण्याच्या गोष्टी झाल्या, मग म्हणाले, "बाई, तुमच्या जुन्या वह्या आहेत का अजून? चर्चच्या ऑफिसात नीट लावून ठेवाव्या म्हणतो. कशाला घरात पसारा."

"त्या कोणाला वाचता येत नाहीत, काका."

"म्हणूनच म्हणतो. काय उपयोग?"

"मला वाचता येतात."

काकांनी तिच्याकडे बघितलं, आणि दोघांनाही एकमेकांचं कळलं. काका उठले. दारात थांबून म्हणाले, "बत्तीस वर्षं तुम्ही या मंडळीत आहात. तुमच्या मुलीचं लग्न इथं झालं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

ते गेल्यावर नवऱ्याने कडी लावली. "मासा कसला," तो पुटपुटला, "मगर आहे." तिला हसू आलं नाही. तिने चपला घातल्या आणि थेट बेकरीत गेली.

बेकरीच्या मागच्या दारी मुलीची आई ट्रे धूत होती. टिपणबाईला पाहून तिने नळ बंद केला नाही. "रविवारी आणते मी तिला," ती म्हणाली. "पाळकसाहेबांनी फोन केला होता. म्हणाले, पोलिसात गेलात तर पोरीचंच नाव जगभर होईल."

"तिला यायचंय का?"

आईने ट्रे खाली ठेवला. "परवापासून जेवत नाहीये ती. त्याच्यासमोर बसायचं म्हटलं की उलट्या होतात तिला. पण मी काय करू? मी एकटी. ते सगळे देवाची माणसं."

"ऐका माझं. तिचं नाव कोणाला छापता येत नाही, तसा कायदा आहे. मी आयुष्यभर तिथे बसून हेच पाहिलंय. आणि तुम्ही एकट्या नाही. मी येते बरोबर." मग जे सांगायचं तिने ठरवलं नव्हतं तेही सांगून टाकलं: "अकरा वर्षांपूर्वी मी गप्प बसले होते. ते तुमच्या मुलीला भोगावं लागलं."

बेकरीवालीने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की टिपणबाईला वाटलं, आता ही आपल्याला हाकलून देणार. तिने हात पुसले. "उद्या माझी दुपारची पाळी आहे," ती म्हणाली. "सकाळी जाऊ."

पोलीस ठाण्यात एका महिला अधिकाऱ्याने मुलीला वेगळ्या खोलीत बसवलं, आईला शेजारी ठेवलं. टिपणबाई बाहेर बाकावर. दोन तास दहा मिनिटं. दार उघडलं तेव्हा मुलगी पांढरीफटक झाली होती, पण बाहेर येऊन ती पहिलं वाक्य बोलली ते हे: "आई, भूक लागलीये."

रविवारी उपासना संपल्यावर कमिटी मागच्या खोलीत जमली. दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. दोन्ही रिकाम्या. टिपणबाई वही घेऊन नेहमीच्या जागी बसली. मॅनेजरकाकांचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मास्तरला सकाळी ठाण्यात नेलंय," ते म्हणाले. मग टेबलावर हात आपटला. "कोणी केलं हे?"

"मी गेले होते बरोबर," टिपणबाई म्हणाली.

एकच गलका झाला. कोणी म्हणालं घर फोडलं, कोणी म्हणालं शत्रूला बातमी दिली. पाळकसाहेब नुसते पाहत होते. टिपणबाईने जुनी वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. न्यायालयात वाचायची तसंच, सपाट आवाजात. मुलीचं नाव तिने गाळलं. बाकी सगळं वाचलं: मुलगी काय म्हणाली, काका काय म्हणाले, कोण हसलं, आणि शेवटी रजिस्टरमधली ती प्रेमाची ओळ. "ही ओळ माझी," ती म्हणाली. "माझी सही आहे खाली."

पाळकसाहेब तीन वर्षांपूर्वी या मंडळीत आले होते. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, "मी गेल्या आठवड्यात त्या आईला फोन करून हेच केलं, नाही का?"

टिपणबाई म्हणाली, "हो."

पुढचं वर्ष वाईट गेलं. निम्मी मंडळी क्वायरमास्तरच्या बाजूची. रस्त्यात ओळख न देणारे लोक वाढले. बेकरीवालीच्या शेजारणीने तिच्याशी बोलणं टाकलं. मॅनेजरकाका सत्तावीस कुटुंबं घेऊन निघून गेले. पण पाळकसाहेबांनी एका रविवारी प्रवचन बाजूला ठेवलं आणि सगळ्यांसमोर, मुलीची ओळख कुठेही न सांगता, आपण काय चूक केली ते सांगितलं. गोड शब्द वापरले नाहीत. चार जण उठून गेले. उरलेल्यांत एक म्हातारे गृहस्थ रडायला लागले. रडण्याचं कारण कोणी विचारलं नाही, त्यांनी दोन महिन्यांनी स्वतःच सांगितलं.

मग नियम झाले. मुलांबरोबर एकटा मोठा माणूस कधीच नाही. तक्रार आली की आधी पोलिसांना, कमिटीला नंतर. ऐकायला मंडळीबाहेरची एक समुपदेशक बाई, दर गुरुवारी. आणि क्षमा कर असं कोणी कोणाला सांगायचं नाही.

आणखी एक नियम कसा झाला ते सांगायला हवं. टिपणबाई त्या अकरा वर्षांपूर्वीच्या मुलीला शोधत गेली. ती आता चष्म्याच्या दुकानात कामाला होती. टिपणबाईने काउंटरशी उभं राहून आपण कोण ते सांगितलं, वहीतलं पान सापडल्याचं सांगितलं, ते कमिटीत वाचल्याचंही सांगितलं. आपण मोठं काम केलं असं थोडंफार तिला वाटतही होतं.

ती तरुणी हातातली फ्रेम पुसत होती. थांबली.

"मला विचारलंत?"

"नाव नाही घेतलं मी."

"मला विचारलंत का? तेव्हा माझं बोलणं मला न विचारता पुसलंत. आता मला न विचारता वाचलंत. पुसताना आणि वाचताना, दोन्ही वेळा खोलीत तुम्ही होतात, मी नव्हते."

टिपणबाई म्हणाली, "चुकलं माझं. दोन्ही वेळा."

"जा तुम्ही आता. गिऱ्हाईक थांबलंय."

ती गेली. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "खरं बोलली ती." पुढच्या बैठकीत तिने मांडलं की कोणीही आपली गोष्ट सांगितली की लिहिलेलं आधी त्या माणसाला वाचून दाखवायचं, आणि ते कुठे जावं हे त्यानेच ठरवायचं. ठराव मंजूर झाला. तिने त्याची प्रत चष्म्याच्या दुकानात पाठवली, सोबत एक ओळही लिहिली नाही.

पाच महिने उत्तर नाही. मग एका गुरुवारी समुपदेशक बाईंकडे ती तरुणी येऊन गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा. कधीतरी तिने पोलिसांनाही जबाब दिला. कधी आणि का, ते टिपणबाईने विचारलं नाही. खटल्याचा निकाल लागायला अडीच वर्षं गेली. मास्तरला शिक्षा झाली. त्या दिवशी कोणी पेढे वाटले नाहीत. बेकरीवाली कामावर गेली.

तिची मुलगी आता चर्चमध्ये गात नाही. कॉलेजात नाटकाचे दिवे लावते, म्हणते, अंधारात वर बसून सगळ्यांवर लक्ष ठेवायला बरं वाटतं. उपासनेला येते ती मनाला येईल तेव्हा. पाळकसाहेबांनी "बऱ्याच दिवसांनी दिसलीस" असं म्हणायचंही बंद केलंय.

परवा टिपणबाई फाटकाशी उभी होती. मुलगी सायकलवरून आली, उतरली, म्हणाली, "आज्जी, कंटाळा आला तर मी मधूनच जाईन हं."

"जा की," टिपणबाई म्हणाली. "दार उघडंच आहे. मीही आज लवकर पळणार आहे, घरी ह्यांनी स्वयंपाक करायला घेतलाय आणि तो वेळेत थांबवायला हवा."

मुलगी खो खो हसली आणि सायकल भिंतीला टेकवून आत गेली.