काठावरची हाक

मच्छिंद्र रेल्वेत पेंटर होता. दौंडला मालगाडीच्या डब्यांवर नंबर टाकायचे, स्टेशनच्या पाट्या रंगवायच्या, हे त्याचं पोटापाण्याचं काम. उरलेल्या वेळात तो राक्षस काढायचा. शिरूरला माझा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, हँडबिलं आणि निवडणूक आली की उमेदवारांची फुशारकी, असं सगळं मी छापायचो. बहात्तरच्या दुष्काळात हा गडी चित्रांची एक वही घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, याचं पुस्तक करा."

"लोकांना प्यायला पाणी नाही, आणि तू राक्षस कसले विकतोस?" मी म्हणालो.

"राक्षसानंच पिलंय की पाणी. वाचा तर खरं."

मी वाचलं आणि गप्प बसलो. मी गप्प बसणं ही सोपी गोष्ट नाही, हे शिरूरमध्ये कुणीही सांगेल.

गोष्ट अशी होती. एका विहिरीच्या तळाशी सात तोंडांचा राक्षस बसलाय. झऱ्याच्या तोंडावर त्यानं धोंडा ठेवलाय, त्यामुळं गाव कोरडं. या राक्षसाची एक खोड आहे. वर काठावर ज्याच्यासाठी कुणाचा तरी जीव तुटतो, तेवढाच माणूस त्याला दिसतो. गावातले बहाद्दर एकेक करून उतरतात, वर त्यांच्या आया रडतात, आणि राक्षस त्यांना बरोबर हेरून गिळतो. शेवटी नकुशी नावाची पोर उतरते. तिच्यासाठी कुणीच रडत नाही. राक्षसाला ती दिसतच नाही. ती धोंडा सरकवते आणि गावाला पाणी मिळतं.

नकुशी त्यानं कल्पनेतून आणली नव्हती. मुलीवर मुली झाल्या की तिसरीचं नाव नकुशी ठेवायचं, म्हणजे पुढं मुलगा होतो, ही आपल्याकडची समजूत. मच्छिंद्रच्या आधीची बहीण ती नकुशी, आणि तिच्या पाठीवर झालेला मुलगा म्हणजे खुद्द मच्छिंद्र. छप्पन साली बौद्ध झाल्यावर त्यांच्या घरातले देव गेले, हे नाव मात्र राहिलं. नवरा वारल्यावर ती माहेरीच राहायची आणि रेल्वेच्या कॅन्टीनमध्ये भाकऱ्या थापायची. मच्छिंद्र तिला आक्का म्हणायचा, बाकी सगळं दौंड नकुशी. धाकट्या भावानं आपल्यावर पुस्तक काढलं म्हणून तिनं ते ट्रंकेत जपून ठेवलं होतं. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

पुस्तक बाजाराच्या गावांतून आणि एसटी स्टँडवर बऱ्यापैकी खपलं. चार वर्षांनी पुण्याहून पळसुले नावाचे एक दिग्दर्शक ते हातात घेऊन माझ्या छापखान्यात आले. त्यांना त्याच्यावर मुलांचा सिनेमा काढायचा होता. मी मच्छिंद्रला बोलावून घेतलं.

पळसुले म्हणाले, "कथा झकास आहे. फक्त नायिका राजकन्या करू. प्रेक्षकांना बरं वाटतं."

"राजकन्या उतरली तर राक्षस तिला पहिल्याच घासाला खाईल," मच्छिंद्र शांतपणे म्हणाला. "तिच्यासाठी आख्खं राज्य रडणार की."

पळसुल्यांनी चष्मा काढून पुसला. माणूस प्रामाणिक होता. चूक कळली की कबूल करायचा. नायिका नकुशीच ठेवायची ठरली. मग ते खऱ्या अडचणीवर आले. पुस्तकात चित्राखाली ओळ असते, 'राक्षसाला ती दिसत नव्हती'. पडद्यावर अशी ओळ कुठं लिहायची? पोर तर समोर धडधडीत दिसणार.

मच्छिंद्रनं जुन्या हँडबिलाच्या पाठीवर चौकटी काढल्या. आधी विहिरीच्या तळातून वर पाहायचं: काठावर रडणारी आई, आणि लगेच राक्षसाचे डोळे उघडतात. दुसऱ्या गड्याच्या वेळी पुन्हा तेच. मग नकुशी उतरते. तळातून वर पाहायचं, तर नुसता रिकामा काठ आणि आभाळ. राक्षसाचे डोळे मिटलेलेच. "मंग वळ लिवायची गरजच न्हाई," तो म्हणाला. पळसुल्यांनी ते हँडबिल घडी घालून खिशात ठेवलं.

शूटिंग निमोण्याजवळच्या एका कोरड्या विहिरीत झालं. राक्षस मच्छिंद्रनं बांबू, गोणपाट आणि कागदाच्या लगद्याचा केला. पुस्तकात त्याला सात तोंडं होती, पळसुल्यांच्या ऐपतीत तीन बसली. नकुशीचं काम निमोण्याच्याच शाळेतली दहा वर्षांची रंभा करत होती. रिकाम्या काठाचा शॉट होता त्या दिवशी मीही गेलो होतो. कॅमेरावाला खाली होता, रंभेला दोराला बांधलेल्या फळीवर बसवून सोडत होते. दोर धरणारे गडी मच्छिंद्रनं लांब मागं उभे केले होते आणि सगळ्यांना बजावलं होतं की काठाकडं कुणी फिरकायचं नाही.

आक्का त्या दिवशी सुट्टी काढून जेवणाची पाटी घेऊन आली होती. कुणीतरी ओरडलं, "नकुशी रेडी?" आणि पुण्याची दोन पोरं त्या नावाला हसली. आक्कानं पाटी खाली ठेवली. दोर हलताना तिनं पाहिला, काठावर कुणीच नाही हे पाहिलं, आणि ती तरातरा चालत जाऊन काठावर उभी राहिली.

आमच्याकडं विहिरीतला गाळ काढायला माणूस उतरला, की काठावरचा माणूस त्याला सारखा नावानं हाका मारत राहतो. खालची हवा कधी खराब असते. ओ आली नाही की दोर ओढायचा. हे लहानपणापासून सगळ्यांना माहीत असतं. कॅमेऱ्याच्या नादात मच्छिंद्रही ते विसरला होता, मीही विसरलो होतो.

आक्का वाकून हाक मारत होती, "कुसुम, हायस का गं? कुसुम, बोल की."

शॉट गेला. पळसुले डोक्याला हात लावून आले. "अहो बाई, तिचं नाव रंभा आहे, आणि सिनेमात नकुशी. ही कुसुम कोण?"

आक्का ओशाळली. मग म्हणाली, "शाळंत पहिल्या दिवशी मास्तरांनी नाव इचारलं, तवा मी कुसुम सांगितलं व्हतं. पोरं हसली. म्हनली, गुरुजी, ही खोटं बोलतीया. मंग मास्तरांनी नकुशीच लिवलं." तिनं भावाकडं पाहिलं. "मच्छिंदर, तू मला पुस्तकात घातलंस, तुझी माया मला कळती. पर मला इचारलं न्हाईस. मला ते नाव आवडत न्हाई रं. कवाच आवडलं न्हाई. आता ते पडद्यावर लावून समद्या मुलखाला दावनार व्हय?"

मला स्वतःची लाज वाटली. मुखपृष्ठावरचं ते नाव मी सगळ्यात मोठ्या टायपात जुळवलं होतं, आणि ते ज्या बाईचं आहे तिला कसं वाटेल हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

दुपारी कुणी धड जेवलं नाही. जेवणानंतर मच्छिंद्र पळसुल्यांकडं गेला आणि म्हणाला, "शेवट बदलायचा. पोर धोंडा सरकवती, तवाच काठावर एक बाई येती आन् तिला कुसुम म्हनून हाक मारती."

"अरे, मग राक्षसाला ती दिसेल."

"दिसू द्या. तो हात घालंल. पर तवर पानी सुटलंय आन् वरून दोर ओढणारं मानूस आलंय."

"हे पुस्तकात असायला हवं होतं," पळसुले म्हणाले.

दौंडच्या घरी मात्र ही गोष्ट गोड झाली नाही. त्यांची आई, पार्वतीबाई, सत्तरीची म्हातारी. तिला कळलं तेव्हा ती कडाडली, "मी ठिवलेलं नाव काय वंगाळ हाय? त्या नावानंच तर तू पोटाला आलास." त्यानंतर सिनेमा हा शब्द घरात निघेनासा झाला. आक्का पुन्हा गप्प झाली. मच्छिंद्रला वाटलं, आपण जखम उघडी केली आणि तशीच टाकली.

पुढच्या वर्षी दौंडच्या तंबू टॉकीजमध्ये सिनेमा लागला. मी शिरूरहून गेलो. म्हातारी येणार नाही असंच सगळे धरून चालले होते, पण ती लुगडं बदलून दारात उभी राहिली. संध्याकाळच्या खेळाला आम्ही चौघं बसलो. काठ रिकामा दिसला तेव्हा तंबूत कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटी पडद्यावर ती हाक आली, राक्षसानं हात घातला, आणि बायका ओरडायला लागल्या, "वढा, वढा." म्हातारी एक अक्षर बोलली नाही, घरी येतानाही नाही.

मी रात्री त्यांच्याकडंच मुक्काम केला. सकाळी मच्छिंद्र आणि मी चहा घेत होतो, आक्का चुलीपुढं होती. म्हातारी उठली, भिंतीशी चाचपडली आणि म्हणाली, "कुसुम, माझी काठी कुठं ठिवलीस गं?"

हाक आपल्याला आहे हे आक्काच्या लक्षातच आलं नाही. मच्छिंद्रनं कप खाली ठेवला. म्हातारीनं पुन्हा हाक मारली, या वेळी जरा वैतागून, घरच्या माणसाला मारतात तशी. तेव्हा आक्का "ओ" म्हणाली आणि काठी शोधायला उठली.