तीनदा विसळलेली बाटली

पाणी पाहून तहान लागण्याऐवजी शंका येणारा माणूस मी साऱ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि देवाच्या कृपेने तोच पाच वर्षं माझ्या खोलीत राहायला होता. जगातल्या यच्चयावत पाण्यावर त्याचा संशय. नळाच्या, विहिरीच्या, रांजणातल्या, फार काय, देवळातल्या तीर्थावरसुद्धा. पुजाऱ्याने पळीभर तीर्थ हातावर घातलं की सगळे ते पिऊन ओला हात डोक्यावरून फिरवत. हा तळहात उजेडात धरून उभा! मागची रांग खोळंबे. "पुढं व्हा की हो," म्हणून कोणी ढकललं, तर हा शांतपणे म्हणे, "थांबा. तळाला काहीतरी बसतंय."

सोलापुरात शुक्रवार पेठेत एका काकूंच्या माडीवरची खोली आम्हा दोघांत होती. त्याचं घर गावातच, पण तिथं मागांच्या खडखडाटात वाचता येईना. मी आर्ट्‌सला, म्हणजे जवळजवळ मोकळाच. त्याने मात्र ज्या दिवशी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं त्याच दिवशी एम.एस्सी.चाही अभ्यास सुरू केला. खोलीच्या दारावर त्याने एक पुठ्ठा ठोकला: 'पर्यावरण रसायनशास्त्र. बी.एस्सी. व एम.एस्सी. एकत्रित. मुदत पाच वर्षे.' ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. असा अभ्यासक्रम आमच्या कॉलेजात नव्हता, विद्यापीठात नव्हता. माझ्या माहितीप्रमाणे तो फक्त आमच्या दारावर होता. कॉलेजातल्या क्लार्कने त्याला समजावलं, "अहो, आधी एक पास व्हा, मग दुसरीचा फॉर्म मागा." तर हा म्हणतो, "पाया खणताना माडी बांधायची की नाही हे ठरवत नाही का तुम्ही?" काकूंनी तो पुठ्ठा एकेक अक्षर लावत वाचला आणि म्हणाल्या, "म्हंजे पाच वर्सं तुमी खोली सोडत न्हाई म्हना की!"

त्याच्या सगळ्या सवयींत मला जिवावर येई ती चहाची. प्रयोगशाळेत कुठल्याही बाटलीत पाणी भरायचं, तर आधी त्याच पाण्याने ती तीनदा विसळायची आणि मगच भरायची, म्हणजे बाटलीचा दोष पाण्याला लागत नाही, असा नियम आहे. हा नियम त्याने प्रयोगशाळेपुरता ठेवला नाही. हॉटेलात चहा आला की थोडा बशीत ओती, बशी गोल फिरवी आणि मोरीत रिकामी करी. असं तीनदा. तोवर कपात चहा उरे दोन घोट. हॉटेलवाला एकदा वैतागून म्हणाला, "आवो, बशी धुवायची तर पानी देतो की! चा कशाला घालवता?" याने त्याच्याकडे अशा करुणेने पाहिलं की बिचारा स्वतःच ओशाळला.

पण त्याच नियमाने त्याला एम.एस्सी.च्या वर्गात शिरकाव मिळवून दिला. पहिल्या वर्षाचा पोरगा वरच्या वर्गात येऊन बसतो म्हणून प्राध्यापकांनी त्याला दोनदा बाहेर काढलं. तिसऱ्यांदा तो वर्गात न जाता प्रयोगशाळेच्या मोरीपाशी गेला आणि तिथली भांडी धुऊ लागला. प्रत्येक भांडं तीनदा. महिनाभरात सरांच्या ध्यानात आलं, की आपल्या प्रयोगांची उत्तरं पहिल्यांदाच पुस्तकाशी जुळताहेत! मग ते म्हणाले, "बस बाबा मागच्या बाकावर, पण धुणं सोडू नकोस." तीन वर्षांनी तो रीतसर एम.एस्सी.ला आला तेव्हा तिथलं सगळं त्याचं एकदा ऐकून झालेलं होतं.

आता हे पाण्याचं वेड आलं कुठून, तर घरातून. त्याचे वडील, त्यांना तो 'नाना' म्हणे, रंगारी होते. तेलुगू बोलणारं विणकराचं घर; लेकाला ते 'बिड्डा' म्हणत, म्हणजे बाळ. चादरींचं सूत रंगवणाऱ्या एका डाईंगमध्ये नानांची उभी हयात गेली. त्यांचे हात कोपरापर्यंत रंगलेले असत; त्या आठवड्यात चादरी कुठल्या रंगाच्या निघणार, ते नानांनी नमस्कार केला की कळे. रंग चढला की नाही हे ते ओल्या सुताची लडी नुसती उन्हात धरून सांगत. संशयाने उजेडाकडे पाहण्याची सवय लेकाने कुठून उचलली, ते मला त्यांना बघितल्यावर समजलं. डाईंगचं उरलेलं पाणी नालीतून ओढ्याला जाई आणि वाटेत वस्तीच्या विहिरीत मुरे. ज्या दिवशी डाईंगमध्ये मरून रंग, त्या दिवशी यांच्या घरी भाताला गुलाबी झाक. त्याची आई म्हणे, "लग्नघरचा दिसतो." सगळं घर हसे. हा एकटा जेवता जेवता थांबे.

तर त्याच्या प्रबंधाचा विषय तोच. नऊ ठिकाणचं पाणी, वर्षभर, दर महिन्याला. सायकलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, पिशव्यांत औषधांच्या आणि इतरही, म्हणजे ज्यांची नावं काकूंसमोर घेता येत नाहीत अशा, रिकाम्या बाटल्या. सायकल खडखडत पेठेतून निघाली की लोक डोळे मिचकावून विचारत, "काय बाटलीवाले, लई जोरात चाललाय धंदा?" तो गंभीरपणे सांगे, "हो, आज नऊ बाटल्या."

यातलं सात नंबरचं पाणी नानांच्या डाईंगच्या फाटकाआतल्या नालीचं होतं आणि सगळ्यांत वाईट तेच. सर हळूच म्हणाले, "सात नंबर वगळ. मालक मोठा माणूस आहे. तुझे वडील तिथे कामाला आहेत." हा म्हणाला, "सर, मग नऊही वगळू. बापाचं पाणी झाकायचं आणि लोकांचं उघडं करायचं, हे कुठल्या तोंडानं लिहू?" सरांनी सात नंबर राहू दिला. डाईंगच्या मालकांना मात्र कुठून तरी कुणकुण लागली.

शेवटच्या महिन्याच्या नऊ बाटल्या त्याने रविवारी भरून आणल्या आणि खोलीच्या कोपऱ्यात ओळीने ठेवल्या. सोमवारी प्रयोगशाळा उघडली की तपासायच्या, आठवड्याने प्रबंध द्यायचा आणि पुठ्ठ्यावरची मुदत पुरी. पण उन्हाळा होता, आणि आमच्या पेठेत नळ तीन दिवसांआड येत होता. अशा दिवसांत नऊ बाटल्या पाणी कोणी कोपऱ्यात नुसतं शिळं करत ठेवतं, हे काकूंना बघवेना. सोमवारी सकाळी आम्ही चहा पिऊन, म्हणजे मी पिऊन आणि त्याने विसळून, परत आलो तर अंगणात गार सडा पडलेला आणि नऊ बाटल्या लख्ख घासून कठड्यावर पालथ्या! काकू कौतुकाने म्हणाल्या, "कवाधरनं साचवलं हुतंस रे पानी? सडा झाला, पायरी धुतली, तरी दोन बाटल्या उरल्या. त्या तुळशीला घातल्या."

तो पायरीवर बसला. मला वाटलं, आता हा रडणार. त्याने ओल्या अंगणाचा वास घेतला, उठून बाटल्या पिशवीत भरल्या आणि म्हणाला, "आठ ठिकाणं आज होतील."

"आणि सातवं?"

सातवं होणार नव्हतं. आदल्या दिवशीचं पाणी जेमतेम निघालं होतं. त्यानंतर मालकांनी फाटकावर निरोप ठेवला होता. आम्ही दोघं दुपारी गेलो तेव्हा वॉचमन म्हणाला, "रंगाऱ्याच्या पोराला आत घ्यायचं न्हाई. मला बी पोट हाय, दादा." संध्याकाळी नाना कामावरून सुटल्यावर आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याने नानांना एवढंच सांगितलं, की सातवी बाटली सांडली, त्यामुळे वर्षाचं कोष्टक अपुरं राहणार. 'तुम्ही आणा' हे शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. नानांनी ऐकून घेतलं आणि ते विडी ओढत बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाना आमचा जिना चढून आले. हातात जेवणाचा डबा. झाकण उघडलं, तर आत लाल पाणी! फाटकावर रंगाऱ्याचा डबा कोण उघडून बघणार? या माणसाने नोकरी डब्यात घालून आणली होती. आणि आमच्या शास्त्रज्ञाने काय करावं? त्याने डब्याचा वास घेतला आणि म्हणाला, "नाना, याला आमटीचा वास आहे. हे चालणार नाही." मी त्याला मारणारच होतो. नाना मात्र जराही रागावले नाहीत. रंगाचं काम पुन्हा करायची त्यांना सवय होती.

बुधवारी ते परत आले. धोतराच्या सोग्यात गुंडाळलेली एक बाटली त्यांनी लेकापुढे ठेवली, आणि निळसर मरून हाताची तीन बोटं वर केली. "तीन डाव इसळली, बिड्डा. त्याच पान्यानं. मग भरली. तू म्हन्तो तसा." मग म्हणाले, "मालक इचारला तर सांगनार, मी नेला."

मालकांनी विचारलं. नानांनी सांगितलं. एम.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा लेकाकडे पाच वर्षांत दोन पदव्या होत्या आणि नाना चार महिने घरी होते. पण त्या चार महिन्यांत डाईंगचा मरून रंग काही जमेना. एक गठ्ठा विटकरी निघे, दुसरा जांभळा. व्यापारी चादरी परत पाठवू लागले. शेवटी मालकांची जीप बोळात आली. नानांनी परत यायला एकच अट घातली: नालीच्या तोंडाला हौद बांधा, पाण्यातलं खाली बसू द्या, मग पुढं सोडा. एकाचे दोन हौद झाले. विहीर काही गंगा झाली नाही, पण भात पांढरा झाला. त्याची आई म्हणाली, "आता लई साधा दिसतो, नाही?"

पुढे तो पाणी तपासण्याच्याच नोकरीत लांब गेला. सोलापूरला आला की माझ्याकडे डोकावे. माझी बायको पाण्याचा ग्लास पुढे करी, हा तो तीनदा विसळून आमच्या कुंडीत ओती आणि उजेडात धरून पिई. तिलाही त्याची सवय झाली. ती तांब्या भरूनच ठेवी.

मागच्या वर्षी नाना गेले. दिवस झाल्यावर तो आला, खुर्चीत बसला. बायकोने ग्लास दिला. त्याने तो घेतला आणि ओठाला लावला. न विसळता, न बघता.

मला ते बघवेना. मी त्याच्या हातातून ग्लास काढून घेतला, तांब्यातलं थोडं पाणी घालून फिरवला, कुंडीत रिकामा केला. पुन्हा केला. मग काठोकाठ भरून त्याच्यापुढे धरला.

त्याने ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दोनदाच झालं," तो म्हणाला.