बाबांची तिथी आणि अम्मांचा मोतीबिंदू

फ्रीगंजमधल्या या गल्लीत आम्ही राहायला आलो, त्याच्या कितीतरी आधीपासून कोपऱ्यावर एक अम्मा कपडे प्रेस करण्याचा ठेला लावायच्या. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा सुरतला कामाला.

एकदा त्यांनी माझ्या पांढऱ्या कुर्त्याची कॉलर जाळली. मी तणतणत गेलो. बघतो तर त्या एका शर्टाची बाही बोटांनी चाचपून शोधत होत्या.

"अम्मा, दिखता नहीं क्या?"

"धुंधला-धुंधला दिखता है, बेटा. किसी को बोलना मत, लोग कपड़े देना बंद कर देंगे."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्याच आठवड्यात त्यांना स्कूटरवर बसवून एका धर्मादाय नेत्रालयात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एकेका डोळ्याचं ऑपरेशन फुकट होतं, फक्त सोबत कुणीतरी दिवसभर थांबायला हवं. मुलाला रजा मिळेना, म्हणून मी हो म्हटलं आणि पहिल्या डोळ्याची तारीख घेतली. घरी येऊन कॅलेंडर पाहिलं, तर नेमकी त्याच दिवशी पितृपक्षातली बाबांची तिथी. आणि मी एकुलता एक मुलगा.

"तारीख बदलून घे," आई म्हणाली. बाबा गेल्यापासून तिनं एकही तिथी चुकू दिली नव्हती.

"पुढचा नंबर दिवाळीनंतर आहे."

"मग दिवाळीनंतर. इतके दिवस काढलेच ना तिनं?"

मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, आधी घरचं कर्तव्य, मग दानधर्म. अम्मांना मात्र त्यांच्याकडे न बघताच सांगितलं, त्या दिवशी बाबांचं श्राद्ध आहे. त्यांनी इस्तरी बाजूला ठेवली आणि कानाला हात लावले.

"अरे राम! पिताजी का सराध थोड़ी छोड़ते हैं मेरे लिए? आंख का क्या है, रुक जाएगी."

मी घरी येऊन आईला हे जसंच्या तसं सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती. हात थांबले.

"असं म्हणाली ती?"

"हो."

"आपल्या घरच्या तिथीसाठी ती डोळा मागे ठेवायला तयार आहे," आई हळूच म्हणाली. "गुरुजींना फोन लाव."

गुरुजी म्हणाले, सर्वपित्री अमावस्येला करा, काही दोष नाही. आईनं त्यांच्याकडून तेच दोनदा वदवून घेतलं. मग फोन माझ्या हातात देत म्हणाली, "तुझे बाबा थांबतील आठवडाभर. त्यांना कुठं घाई आहे?"

ऑपरेशनच्या दिवशी मी बाकावर बसलो होतो. अम्मा आत होत्या. अकराच्या सुमारास पाहतो तर आई ई-रिक्षातून उतरतेय, हातात खिचडीचा डबा. डोळ्याला पट्टी बांधलेल्या अम्मा बाहेर आल्या तेव्हा तिनंच पुढे होऊन त्यांचा हात धरला.

"कौन?"

"मैं, इसकी आई."

"आप क्यों आईं, बहनजी?"

"घर में अकेली बैठ के क्या करती?"

दुपारी आईनं त्यांना खिचडी भरवली. तोवर या दोघींची ओळख म्हणजे आईनं वरच्या गॅलरीतून कपड्यांसाठी दिलेली हाक, एवढीच.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. अम्मांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"बहनजी, आप तो इत्ती-सी हो! आवाज से मैं समझी, कोई पहलवान होंगी."

नर्ससकट सगळे हसलो. आई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

अमावस्येला राम घाटावर ही गर्दी! कशीबशी बसायला जागा मिळाली, पण बाबांचं सगळं यथासांग झालं. पिंडांना हात जोडताना मनात कसलीच रुखरुख नव्हती.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मला रजा काढावीच लागली नाही. आईनं सकाळीच डबा भरला आणि मला बजावलं, "तू बँकेत जा. आम्ही दोघी जाऊन येतो."