शशीच्या दुकानाची पायरी

घरं विकणाऱ्याने खोटं बोलावं असं मी म्हणत नाही, पण शशीइतकं खरंही बोलू नये. गिऱ्हाईक दारात पाय पुसत असतं तोवर हा सांगून मोकळा होतो, "मागच्या बेडरूममध्ये डॅम्प आहे, आधी ते बघा." लोक बिचकतात. जो एजंट भिंतीची ओल आपणहून दाखवतो तो आणखी काय लपवत असेल, असा त्यांना संशय येतो. मग ते शेजारच्या गल्लीतल्या गुळगुळीत एजंटाकडे जातात आणि त्याच्याकडून तितकीच ओल गोड बोलून विकत घेतात.

शशी सबनीस माझा शेजारी. आमची दोन्ही घरं एकमेकांना चिकटलेली, मधली भिंत एकच. त्यांच्या घरातलं मला ऐकू येतं आणि माझं टीव्हीशी चाललेलं भांडण त्यांना. त्याची आई श्यामलाताई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होत्या, मी तिथेच फार्मसीत होते. तेव्हापासूनची आमची मैत्री, म्हणून मी शशीची अलकामावशी. शशी जन्मला, वाढला आणि टकला झाला तो लंडनजवळच्या वॉटफर्डमध्येच. मराठी आवडीने बोलतो, फक्त स्त्रीलिंग-पुल्लिंग ही भानगड त्याने कधी मनावर घेतली नाही.

वीस-एक वर्षं त्याने एका मोठ्या कंपनीच्या हाय स्ट्रीटवरच्या ऑफिसात घरं विकली. मग एकदा एका म्हाताऱ्या जोडप्याला त्याने छताबद्दल खरं काय ते सांगितलं, मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं, आणि शशी बाहेर आला तो नोकरी सोडून, कोट घेऊनच. पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाने हे करावं? मी त्याला तोंडावर मूर्ख म्हटलं. मग घरी येऊन त्याच्यासाठी शिरा केला.

त्याने स्वतःची एजन्सी काढली. ऑफिस नाहीच, नुसती वेबसाइट. ती मात्र वाचण्यासारखी होती. "बाग मोठी आहे, पण ऊन येत नाही." "स्टेशन जवळ आहे, म्हणून ट्रेनचा आवाजही जवळ आहे." मला हसू आवरेना. पण अशा वेबसाइटवर लोक येणार कसे? त्यासाठी त्याने इंटरनेटवर जाहिरात सुरू केली. कुणी फोनवर वॉटफर्डमधलं घर शोधलं की सगळ्यात वर शशीची जाहिरात दिसायची. नुसती दिसली तर फुकट. कुणी त्यावर बोट ठेवून आत शिरलं की शशीचे पैसे कापले जाणार. दिवसाला किती खर्च करायचा ते त्याने ठरवून दिलं होतं. तेवढा झाला की जाहिरात गुल, ती थेट दुसऱ्या दिवशी सकाळी.

जुन्या कंपनीने त्याला अजून सोडलं नव्हतं. मँचेस्टरच्या ऑफिसला मॅनेजर हवा होता, तो मॅनेजर शशी असावा असं वरच्या कुणाला तरी वाटत होतं. मार्चअखेरपर्यंत उत्तर मागितलं होतं. बायको वरदाचं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही चालणारं. मुलगी ईशिता तर मँचेस्टरलाच युनिव्हर्सिटीत. अडचण एकच, श्यामलाताई. पन्नास वर्षं इथे काढलेल्या बाईला या वयात उपटून तिकडे लावायचं कसं? म्हणून शशीने मनाशी ठरवलं होतं, मार्चअखेरपर्यंत वेबसाइटवरून एक तरी घर विकायचं. नाही विकलं तर दुकान बंद, चला मँचेस्टरला.

जानेवारी गेला. फेब्रुवारीत तो एकदा चहाला आला तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"मावशी, लोक येतात. रोज येतात. पण कुणी एक प्रश्न पण विचारत नाही."

त्याने लॅपटॉप उघडून दाखवलं. सकाळी आठला जाहिरात सुरू व्हायची आणि नाश्त्याची भांडी धुऊन होईपर्यंत दिवसाचे सगळे पैसे संपलेले असायचे. येणारे सगळे वॉटफर्डचेच. आत येत, दोन-तीन सेकंद थांबत, निघून जात. एकाच फोनवरून कुणी शंभर वेळा दाबलं असतं तर ते बाद झालं असतं म्हणे. पण इथे वेगवेगळी पन्नास-साठ घरं, आणि कुणीही दिवसातून एकदाच. त्यात वावगं कुणाला काय दिसणार? ज्याला खरंच घर हवं आहे तो संध्याकाळी कामावरून येऊन फोन उघडतो, आणि तोवर शशी तिथे नसतोच.

"हे त्या गुळगुळीत्याचं काम," मी म्हटलं. "त्यानेच माणसं लावली आहेत. तू तक्रार कर."

"प्रूफ नाही ना," शशी म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवस त्या एजंटाच्या काचेसमोरून जाताना मी आत रोखून बघायचे. बिचारा हात हलवायचा.

मग पाडवा जवळ आला. आमच्या मंडळातल्या बायकांचा एक व्हॉट्सॅप ग्रुप आहे. रोजची फुलं आणि सुविचार मला सोसत नाहीत, म्हणून मी त्याचं तोंड कायमचं बंद करून ठेवलं आहे. कार्यक्रमाची वेळ बघायला म्हणून तो उघडला आणि खुर्चीत बसलेच. जानेवारीपासून रोज सकाळी आठच्या ठोक्याला श्यामलाताईंचा निरोप: "सुप्रभात. शशीच्या दुकानाची पायरी चढायला विसरू नका. घर शोधा, वर त्याची जाहिरात येईल, तिथे क्लिक करा. घरातल्या सगळ्यांच्या फोनवरून करा." खाली अंगठ्यांची रांग. "झालं काकू." "आमचे चार झाले." एकीने तर लिहिलं होतं, "देवपूजा आणि शशी, दोन्ही उरकलं."

मी फोन घेतला आणि तशीच, सपाता घालूनच पलीकडे गेले. शशी वाचत गेला, वाचत गेला, आणि हसत सुटला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग फोन माझ्या हातात परत दिला.

"तिला सांगू नका, मावशी."

"का नको? ती तुझं दिवाळं काढते आहे!"

"माझा आई ॲलार्म लावून उठते, माझ्यासाठी. तिला काय सांगू, तुझ्यामुळेच मला मँचेस्टरला जायला लागणार?"

मला श्यामलाताईंचं गणित कळत होतं, तीच तर पंचाईत होती. त्यांच्या वडिलांचं मिरजेला कापडाचं दुकान. आपल्या माणसाने दुकान काढलं की आपण पायरी चढायची, घ्यायचं नसलं तरी दोन घटका बसायचं, चार कापडं उलगडायची. रिकाम्या दुकानात गिऱ्हाईक शिरत नाही. यात चूक काय आहे? मिरजेत काहीच नाही. फक्त मिरजेत पायरीवर पाय ठेवल्याबद्दल दुकानदाराकडून कुणी पैसे कापत नव्हतं.

शशीने सुचेल तेवढं केलं. जाहिरात वॉटफर्डमध्ये दिसणंच बंद केलं. ती आता फक्त लंडनमधल्या वेम्बली आणि हॅरोकडे दिसायची. केलं होतं आईला चुकवायला, पण झालं भलतंच. वॉटफर्डमध्ये राहणारा माणूस वॉटफर्डमध्ये घर कशाला शोधेल? शोधणारे तिकडेच होते, फ्लॅटमध्ये दोन पोरं आणि सायकली कोंबून बसलेले. पंधरा दिवसांत चार जणांनी चौकशी केली. वेम्बलीचं एक जोडपं कॅनॉलजवळचं घर बघून गेलं, ओल आहे हे ऐकूनही परत बघायला आलं आणि ऑफर देऊन गेलं. घर अजून विकलं गेलं नव्हतं, इथे किल्ली हातात येईपर्यंत काहीच खरं नसतं. पण शशी जिन्यावरून शीळ घालत उतरताना मला भिंतीतून ऐकू यायला लागलं होतं.

श्यामलाताईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की जाहिरात गायब झाली. त्यांच्या मते याचा अर्थ एकच, शशीने दुकान आवरायला घेतलं. मला मात्र चेहऱ्यावर काही न दाखवता म्हणाल्या, "अलका, उद्या वेम्बलीला येतेस? ईलिंग रोडवर मेथी ताजी मिळते."

मेथी वॉटफर्डलाही ताजी मिळते. पण श्यामलाताईंना नाही म्हणायची माझी टाप नाही. गाड्या बदलत, गुडघे धरत आम्ही पोहोचलो. भाजीच्या दुकानाबाहेर पोहोचल्या पोहोचल्या बाईंनी पिशवी माझ्या हातात दिली, पर्समधून फोन काढला, चष्मा लावला आणि तोंड उजळलं.

"दिसली! मंडळातली आशा म्हणत होती, तिला वेम्बलीत दिसते. पण ती एकटी काय गर्दी करणार? तुझा फोन काढ बघू."

मला राग आला आणि भरूनही आलं, आणि दोन्ही एकदम झालं की माझ्या तोंडून भलतंच निघतं. म्हणून मी चार पावलं बाजूला गेले आणि शशीला फोन लावला. "तुझी आई ऐंशीच्या घरात आहे आणि क्लिक करायला वेम्बलीला आली आहे. येऊन तिला सांग, नाहीतर मी सांगते, आणि मी सांगितलेलं तुला आवडणार नाही."

त्याला यायला जवळजवळ तास लागला. तोवर आम्ही चहाच्या एका छोट्या दुकानात बसलो. श्यामलाताई काउंटरवरच्या मुलीलाही जाहिरात दाखवून आल्या. मी त्या मुलीला डोळ्यांनी दटावलं.

शशी आला, समोर बसला आणि त्याने सांगून टाकलं. ओलीबद्दल सांगतो तसंच, सरळ.

"आई, कुणी क्लिक केलं की मला पैसे द्यायला लागतात. प्रत्येक वेळी."

श्यामलाताईंनी फोन हळूच टेबलावर उलटा ठेवला. "आम्ही सगळ्यांनी? रोज?"

"हो."

"म्हणजे मीच तुला मँचेस्टरला ढकलत होते."

"नाही ना! आता ठीक आहे. आता खरे लोक येतात. मी कंपनीला नाही म्हणणार आहे. मी लिहून पण ठेवला आहे, माझी आई म्हातारी आहे, ती हलू शकत नाही, सो सॉरी."

श्यामलाताईंनी मान वर केली. लॅबमध्ये कुणी चुकीच्या बाटलीवर चुकीचं लेबल लावलं की त्या अशाच बघायच्या.

"मी हलू शकत नाही, असं तुला कुणी सांगितलं?"

शशी माझ्याकडे बघायला लागला. मी चहात बघायला लागले.

"मला विचारलंस कधी? ईशिता तिथे आहे. मँचेस्टरला काय माणसं राहत नाहीत? तू म्हणाला असतास तर मी उद्या निघाले असते."

"मग तू हे सगळं का करत होती, आई?"

"तुला हे दुकान हवं आहे म्हणून. तुला मिरजेच्या आजोबांसारखं हातचं न राखता बोलायचं असतं, ते दुसऱ्याच्या दुकानात जमत नाही. मला दिसत नाही का?"

शशी टकलावरून हात फिरवत राहिला. मला रडू येत होतं, आणि मी सरळ रडले. त्या दुकानात आमच्याकडे बघायला तरी कुणाला वेळ होता.

"हवं आहे ना तुला?" श्यामलाताईंनी विचारलं.

"हवा आहे. खूप हवा आहे."

"मग तसं सांग त्यांना. त्यात माझं म्हातारपण घालू नकोस."

तो उठून बाहेर गेला. काचेतून दिसत होता, कानाला फोन, मोकळा हात हवेत. काय बोलतो ते ऐकू येत नव्हतं आणि श्यामलाताई ओठांकडे बघून ओळखायचा प्रयत्न करत होत्या. फार वेळ लागला नाही. आत येऊन त्याने खुर्ची ओढली.

"सांगितला," तो म्हणाला. "मला यायचं नाही, असा सांगितला."

"आणि माझं?"

"तुझं नाव पण नाही घेतला, आई."

श्यामलाताईंनी आपला चहा त्याच्यापुढे सरकवला.